ओमेरचं कोमट पाणी

जानेवारीतल्या त्या रविवारी सकाळी ओमेरने दुधाच्या जुन्या ॲल्युमिनियमच्या कॅनमध्ये कोमट पाणी भरलं, कॅनला रजई गुंडाळली आणि आजारी माणसाला बसवावं तसा तो मोटारीच्या मागच्या सीटवर नीट टेकवून बसवला. ग्रीटने हे स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. बाहेर उणे सहा होतं. एवढ्या थंडीत सायकल पाण्याने धुवायची नसते, हे तिला ठाऊक होतं आणि बापाला तर तिच्याआधी चाळीस वर्षं ठाऊक होतं. पण ती बोलली नाही, कॉफीचा कप विसळत राहिली. पुढे जे झालं त्याचा दोष कुणाला द्यायचाच असेल, तर तो इथपासून द्यावा लागेल.

ग्रीट वान्डनबुल्क, वय अठ्ठेचाळीस. रुसेलारजवळच्या एका कारखान्यात भाज्या गोठवतात, तिथे ती सरकत्या पट्ट्यापाशी उभी राहून लिंबाएवढे कोबी निवडते. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस पोटासाठी गारठायचं आणि रविवारी हौसेने. हौस सायक्लोक्रॉसची. चाळीस मिनिटं शेतातून, ओढ्याकाठच्या चिखलातून सायकल हाकायची आणि जिथे हाकता येत नाही तिथे ती खांद्यावर टाकून पळायचं. लिंडेबेकसारख्या गावात हिवाळ्यात माणसं एकतर हे करतात, नाहीतर हे करणाऱ्यांना दोरीपलीकडून शिव्या घालतात.

खरं सांगायचं तर वेड तिला नव्हतं, बापाला होतं. ओमेरने उभा जन्म डेअरीची लॉरी चालवली आणि दर रविवारी तो पिटमध्ये उभा राहिला. पिट म्हणजे शर्यतीच्या वाटेलगत दोऱ्या लावून आखलेली गल्ली. स्वार माखलेली सायकल तिथे टाकतो, दुसरी स्वच्छ घेतो आणि सुटतो. टाकलेली सायकल त्याच्या माणसाने पुढच्या खेपेपर्यंत धुऊन ठेवायची. एक्केचाळीस वर्षं ओमेरने गावातल्या पोरांच्या सायकली धुतल्या. स्वतः एकदाही शर्यतीत उतरला नाही. पण "ओमेरच्या हातून घाणेरडी सायकल कधी गेली नाही" असं गाव म्हणायचं आणि ते ऐकलं की तो मुद्दाम दुसरीकडे बघायचा, इतकं त्याला ते आवडायचं.

अकरा वर्षांपूर्वी ग्रीटची आई रोझा गेली. त्याच हिवाळ्यात ओमेर ज्याच्या सायकली धरायचा तो गावातला शेवटचा स्वार लग्न करून अँटवर्पला गेला. शेडमध्ये ब्रश खिळ्याला टांगलेले राहिले. ओमेर दिवसभर खिडकीशी बसायचा आणि त्याचं बोलणं तीन शब्दांवर आलं, "हो", "नको" आणि "असू दे". घटस्फोट घेऊन त्याच गल्लीत राहायला आलेल्या ग्रीटला ते रोज बघवेना. तिने पेपरातली जाहिरात पाहून दोन जुन्या सायकली घेतल्या. दोन, कारण एकीने पिटमध्ये काम नसतं. आणि सदतिसाव्या वर्षी, शाळेनंतर कधी धावलेलीसुद्धा नसताना, ती शर्यतीच्या सुरुवातीच्या रेषेवर जाऊन उभी राहिली. तीनदा पडली, शेवटून पहिली आली. घरी येताना मोटारीत ओमेर म्हणाला, "उतारावर मागचा ब्रेक फार उशिरा धरतेस तू, आणि धरतेस तेव्हा घाबरून धरतेस." सहा महिन्यांत तो इतकं कधी बोलला नव्हता. ग्रीटने खिडकीकडे तोंड फिरवलं आणि रडून घेतलं. त्यानंतर तिने एकही रविवार चुकवला नाही.

आता हे सगळं मोडायला आलं होतं. ऑगस्टमध्ये ओमेरच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. त्यातून तो उठला, पण उजव्या हाताची बोटं मंद झाली आणि एखादा शब्द ऐन वेळी त्याला सापडेना. डिसेंबरमधल्या एका शर्यतीत सायकल त्याच्या हातातून निसटून गल्लीत आडवी पडली. दुसऱ्या गावची एक बाई तिच्यावर आदळली आणि तिचं मनगट मोडलं. मग मार्लीनने त्याला बोलावून घेतलं. मार्लीन कोपऱ्यावरच्या कॅफेची मालकीण आणि सायकल क्लबची अध्यक्ष. लिंडेबेकमध्ये ही दोन्ही पदं एकच समजली जातात.

"हे बघ ओमेर, मला वाईटपणा घ्यायची हौस नाहीये," ती म्हणाली होती. "पण उद्या कुणाचं डोकं फुटलं तर? आपल्या गावची शर्यत येतेय जानेवारीत. मी स्वतः पिटपाशी उभी राहीन. नीट पार पडलं, तर तू म्हणशील तोवर तू. नाहीतर कर्ट उभा राहील. त्याला मी विचारून ठेवलंय."

"बरं," ओमेर म्हणाला होता.

म्हणून ग्रीट सकाळी पाण्याबद्दल बोलली नाही. बोलली असती तर तिला वाटलं, आपणही मार्लीनच्या बाजूने उभं राहून त्याची परीक्षाच घेतोय.

शर्यत दोन वाजता होती. गोठलेल्या कुरणात ढेकळं दगडासारखी झाली होती आणि चाक त्यांवरून खडखडत जायचं. फक्त ओढ्याकाठच्या खोलगट भागात सकाळच्या शर्यतींनी वरचा बर्फाळ थर फोडला होता आणि खालचा काळा चिखल वर आला होता. म्हणजे खाली चिखल माखायचा आणि वर कुरणात येईस्तोवर तो सायकलीवर गोठायचा. यापेक्षा वाईट जमीन नसते. इतर गावांची माणसं पिटमध्ये काठ्या आणि कोरडे ब्रश घेऊन आली होती, कुणी स्वयंपाकाचं तेल फवारत होतं. पाण्याची नळी सकाळीच गोठली होती आणि तिची कुणाला गरजही नव्हती.

ओमेरने रजईतून कॅन बाहेर काढला तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या कर्टने तिकडे पाहिलं. कर्ट गावचा प्लंबर, पस्तिशीचा, स्वभावाने गरीब. तो त्या दिवशी क्लबच्या दुसऱ्या एका मुलीची सायकल धरायला आला होता आणि मार्लीनने त्याला बजावलं होतं की ओमेरच्या कामाला हात लावायचा नाही.

"ओमेर, पाणी कशाला आज?" त्याने हळूच विचारलं.

"कोमट आहे," ओमेर म्हणाला. त्याच्या लेखी विषय संपला.

रेषेवर सतरा जणी होत्या, सगळ्या चाळिशीच्या पुढच्या. ग्रीटने पायांना मिरपुडीसारखं झोंबणारं मलम चोळलं होतं. शेजारी इंगे उभी होती. ही टीलट गावची शाळामास्तरीण. अकरा वर्षं ग्रीट हिचीच पाठ बघत आली होती.

"बाबांची तब्येत कशी आहे गं?" इंगेने विचारलं.

"छान. तू तुझी सांभाळ आज."

"अगंबाई! आज जोरात आहे कोणीतरी."

शिटी वाजली. पहिल्या फेरीत ग्रीटने कसलाही विचार केला नाही. गार हवा नरड्यातून आत उतरताना कापत जात होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कोपऱ्यावर दोघी एकमेकींत अडकून पडल्या, ती त्यांच्या बाजूने निघाली. फेरी संपताना कोणीतरी ओरडलं, "आठवी! ग्रीट, आठवी!"

दुसऱ्या फेरीत ती पिटमध्ये शिरली. गल्लीच्या कडेला मार्लीन हाताची घडी घालून उभी होती. ओमेरने सायकल डाव्या हाताने सीटखाली धरली होती, उजवा नुसता हँडलवर टेकवला होता. ग्रीटने आपली सायकल सोडली, चार पावलं पळाली, त्याच्या हातातली ओढून घेतली आणि उडी मारून बसली. झालं. इतकं सुरेख झालं की दोरीपलीकडून एकाने टाळ्या वाजवल्या. तिने चोरून मार्लीनकडे पाहिलं. मार्लीन मान डोलावत होती.

त्या आनंदात तिने पुढच्या अर्ध्या फेरीत चौघींना मागे टाकलं.

तिसऱ्या फेरीला तिने पुन्हा बदली घेतली. या खेपेला हातात आली ती आपली आधीची सायकल, आता धुतलेली. ती इतकी चकचकीत होती की अशा दिवसात जराशी वेडसरच वाटावी. ग्रीट उडी मारून बसली, पायडल मारलं आणि पाय भसकन खाली गेला. पायडल फिरत होतं, चेन फिरत होती, चाक मात्र जागचं हलेना. मागच्या चाकातलं फ्रीव्हील, म्हणजे पायडलचा जोर चाकाला देणारं दातेरी चक्र, आत गोठलं होतं. कोमट पाणी त्याच्या खाचांत शिरलं होतं आणि तिथेच त्याचा बर्फ झाला होता.

ती उतरली, पळाली, पळता पळता मागचं चाक दोनदा जमिनीवर आपटलं, पुन्हा बसली. पुन्हा तेच. मार्लीनची नजर तोवर गल्लीतल्या पुढच्या बदलीकडे वळली होती. तिसऱ्यांदा आपटल्यावर आत काहीतरी कट् वाजलं आणि चाकाने पकड घेतली. एवढ्यात दोघी पुढे गेल्या. ग्रीट घामाने आणि भीतीने ओली झाली होती. आणि राग, राग इतका आला होता की तिला स्वतःचीच लाज वाटली. म्हातारा तो. आजारी तो. पण अकरा वर्षं त्याच्यासाठी मर मर मरायचं आणि त्याने साधं पाणी बाजूला ठेवू नये?

वाट पिटच्या दुसऱ्या बाजूने पुन्हा जायची तेव्हा ती जीव तोडून ओरडली, "पपा! पाणी नको! नुसता ब्रश! ऐकताय ना? पाणी नको!"

ओमेरने हात वर केला. त्याला ऐकू गेलं होतं; मार्लीनला दोरीपलीकडच्या गलक्यात काही कळलं नाही.

चौथ्या फेरीत तिने बदली घेतलीच नाही. सायकल चालत होती तोवर चालवायची, असं तिने ठरवलं. दोघींना पुन्हा गाठलं. आणि मग असं काही झालं जे तिने ठरवलं नव्हतं. खोलगट भागातून वर येताना तिला पुढे इंगेची पाठ दिसली, निळ्या जर्सीतली, ओळखीची, आणि ती पाठ जवळ येत होती. इंगे दमली होती. तिचे खांदे हलत होते. दोरीपलीकडून सगळं गाव ओरडत होतं, "अगं मास्तरणीला धर, धर तिला! शाळा सुटली म्हणावं!" पाचव्या फेरीत, वाटेत आडव्या लावलेल्या फळ्यांपाशी दोघी एकदमच उतरल्या. ग्रीट आधी बसली आणि पुढे निघाली.

"तिसरी!" निवेदक भोंग्यातून किंचाळला. "लिंडेबेकची ग्रीट वान्डनबुल्क तिसरी!"

तिसरी म्हणजे विजेत्यांच्या लाकडी पायरीवर उभं राहायचं. अकरा वर्षांत ती सहावीच्या वर कधी आली नव्हती. आणि ग्रीटला त्या क्षणी कळलं की ही तिसरी जागा तिला हवी आहे. बापासाठी नको, स्वतःसाठी. इतकी हवी आहे की इंगे किती मागे आहे ते तिने वळून पाहिलं.

फक्त सायकल आता साथ सोडत चालली होती. मागच्या गिअरमध्ये गवत आणि चिखल अडकून गोठला होता, एकच गिअर उरला होता, तोही कुरकुरत. मागचा ब्रेक केव्हाच जाम झाला होता. शेवटच्या फेरीत इंगे मागे आठ-दहा सेकंदांवर होती. अर्धी फेरी उरली होती आणि समोर पिट आला. बदली घ्यायची ही शेवटची संधी होती. तिच्या सायकलीकडे बघून ती बदलायला हवी हे आंधळ्यालाही कळलं असतं.

ओमेर तयार उभा होता. दुसरी सायकल त्याच्या डाव्या हातात होती.

ती लख्ख होती.

ग्रीटला आठ-दहा पावलांवरूनच दिसलं. सायकलीचा सांगाडा उन्हात चमकत होता आणि खाली, पायडलच्या आसापाशी, पाण्याचे थेंब गळता गळता गोठून बोटभर लांबीचे बर्फाचे सुळे लोंबत होते. त्याने पुन्हा पाण्यानेच धुतली होती. तिचं ओरडणं ऐकून, हात वर करून, मग वळून त्याने कॅन उचलला असणार. विसरला होता की हाताच्या सवयीने केलं होतं, देव जाणे. सायकल त्यानंतर दोन फेऱ्यांहून जास्त वेळ त्या थंडीत उभी होती. या वेळी ती आपटून सुटणार नव्हती.

ओमेरचं तोंड उजळलं होतं. लेक तिसरी होती आणि तो तिला स्वच्छ सायकल देणार होता.

त्याच्या मागे, हाताची घडी घालून, मार्लीन.

ग्रीटच्या डोक्यात त्या आठ पावलांत जे आलं ते सांगायला जास्त वेळ लागतो. कुरकुरत का होईना, हातातली सायकल चालत होती. तशीच पुढे गेली असती तर इंगेला कदाचित रोखून धरता आलं असतं. पण मग या माखलेल्या सायकलीवरून बापाच्या हातातली लख्ख सायकल नाकारून जायचं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. मार्लीन त्याच क्षणी खाली वाकून बघणार. ते सुळे तिला दिसणार. मग ओमेर पुन्हा खिडकीशी बसणार. हो, नको, असू दे.

तिने आपली सायकल सोडली, पळत गेली आणि बापाच्या हातातली सायकल घेतली.

"जा!" ओमेर म्हणाला. "जा, जा!"

तिने ती सरळ खांद्यावर टाकली आणि पळत सुटली. पिटपुढे तीस मीटरवर उभा चढ होता, तिथे सगळ्याच जणी सायकल खांद्यावर घेत, तेव्हा कुणाला काही वावगं वाटलं नाही. चढ संपल्यावर तिने सायकल खाली ठेवली आणि पायडल दाबून पाहिलं. पाय भसकन खाली गेला. तिने दोनदा चाक आपटलं, तेही नुसतं मनाच्या समाधानासाठी, आणि पुन्हा सायकल खांद्यावर घेतली.

मग ती पळाली. हजार-बाराशे मीटर, गोठलेल्या ढेकळांवरून, खिळ्यांचे बूट घालून, आठ किलोची सायकल खांद्यावर. इंगे कुरणाच्या कोपऱ्यातच पुढे गेली. जाताना तिने वळून पाहिलं, तिला काही कळेना. मग आणखी दोघी. दोरीपलीकडच्यांनाही काही कळेना, पण त्यामुळे त्यांची तोंडं बंद झाली असं नाही.

"अगं बस की वर! ती बसायची वस्तू आहे!"

"सायकलीला फिरायला नेतेय रे ती!"

"ग्रीट, दमली असेल सायकल, तिला जरा झोप येऊ दे!"

एरवी तिने फटकन उलट उत्तर दिलं असतं. आज श्वासच नव्हता. खोलगट भागात बूट चिखलात रुतला आणि ती गुडघ्यावर पडली. उठली. सायकलीच्या दांडीची कड खांद्याच्या हाडात शिरत होती. फळ्यांपाशी मागून आलेल्या दोघी तिच्या अंगावरून उड्या मारतच गेल्या. आता अंतिम रेषेपर्यंत डांबरी रस्ता होता, गुळगुळीत, जरासा उताराचा, सायकलीवर वीस सेकंदांचा. तिला तो संपता संपेना आणि तेवढ्यात आणखी तिघी पुढे गेल्या. सतरांत ती अकरावी आली. रेषा ओलांडल्यावर तिने सायकल अंगाखाली घेतली आणि तिच्यावरच ओणवी झाली. हुंदका आला तो दमल्याचा आहे असं सगळ्यांना वाटलं, आणि ते बरंच झालं.

शर्यतीनंतर मार्लीनच्या कॅफेत सगळे जमले. काचांवर वाफ धरली होती. मटारच्या सुपाची वाटी दोन्ही हातांत धरून ग्रीट भट्टीपाशी बसली होती आणि तिच्या पायाची बोटं जिवंत होत होती. गोठलेली बोटं परत येतात तेव्हा जे दुखतं त्याला तोड नाही. ओमेर तिच्यासमोर बसला होता, टोपी टेबलावर.

मार्लीन बिअरचे ग्लास घेऊन आली आणि त्यांच्या बाकावर बसली.

"काय झालं गं शेवटी? हातातोंडाशी आलेली तिसरी जागा!"

"चढावर पडले," ग्रीट म्हणाली. तिने हे रस्त्यातच ठरवून ठेवलं होतं. "मागचा गिअर दगडावर आपटला. वाकला. माझीच चूक."

"नशीब बाई तुझं," मार्लीन म्हणाली आणि ओमेरकडे वळली. "असो. तू मात्र जिंकलास हं ओमेर. मी डोळ्यांत तेल घालून बघत होते. तीन बदल्या, तिन्ही घड्याळासारख्या. मी मागे जे बोलले ते परत घेते. तू म्हणशील तोवर पिटमध्ये तूच."

ग्रीटच्या छातीवरचं ओझं उतरलं. तिने सुपाचा घोट घेतला. अकरावा नंबर, सुजलेला गुडघा, सोललेला खांदा, सगळं त्या एका वाक्यात फिटलं. पलीकडच्या बाकावरचा कर्ट आपल्या ग्लासात काही पडलंय का ते फार बारकाईने बघत होता.

ओमेर म्हणाला, "नाही."

"नाही काय?"

"मी नाही उभा राहणार."

"आता हे काय नवीन!" मार्लीन हसली. "मी हो म्हणतेय तर हा नाही म्हणतोय."

ओमेरने लेकीकडे पाहिलं. शब्द जुळवायला त्याला वेळ लागत होता आणि मार्लीन मध्ये बोलणार एवढ्यात कर्टने तिच्या हातावर हात ठेवला.

"तू पायडल दाबून पाहिलं नाहीस," ओमेर म्हणाला.

"कुठे?"

"माझ्या हातून सायकल घेतलीस आणि सरळ... सरळ खांद्यावर टाकलीस."

"पपा, पुढे चढ होता."

"चढ तीस मीटरवर होता." डाव्या हाताने त्याने उजव्या हाताची बोटं धरली. "बावन्न वर्षं मी सायकली हातात देतोय. घेणारा आधी बसतो. दोन पायडलं मारायची जागा असली तरी बसतो. प्रत्येक जण. तूही. आज नाही बसलीस. कारण तुला ठाऊक होतं."

ग्रीटने सुपाची वाटी टेबलावर ठेवली.

"पाणी नको म्हणून ओरडली होतीस," ओमेर म्हणाला. "ते मला ऐकू आलं. मग मी... ते मला आठवत नाही. हात वर केला एवढं आठवतं. नंतर तू सायकल घेऊन पळालीस आणि मी खाली पाहिलं, तर कॅन रिकामा."

शेजारच्या बाकावर कुणीतरी मोठ्याने हसत होतं, इंगेची माणसं असावीत.

"तुझ्याकडे चालती सायकल होती," ओमेर म्हणाला. "तिसरी होतीस. ती टाकून तू माझी मेलेली सायकल घेतलीस."

"मला तुम्ही तिथे हवे आहात," ग्रीट म्हणाली. आता ती उघड उघड रडत होती. "मला तिसरी जागा नको होती, पपा."

"हवी होती. मी तुझं तोंड पाहिलं. आठ पावलांवरून मी तुझं तोंड पाहिलं ग्रीट, आणि मला वाटलं, ही आता माझ्यासाठी नाही पळत. मला इतका आनंद झाला." त्याने टेबलावरची टोपी जवळ ओढली. "नुसता चुकलो असतो तर मी उभा राहिलो असतो. चूक माणूस दुरुस्त करतो. पण जी माझ्यासाठी हरते तिची सायकल मी धरणार नाही. ते माझ्याने होणार नाही."

मार्लीनने एकदा "अरे पण ओमेर" म्हणून सुरुवात केली आणि सोडून दिली. ओमेरने आपली वाटी जवळ ओढली, चमचा डाव्या हातात घेतला आणि कर्टकडे पाहिलं.

"तू धर," तो म्हणाला. "उद्या ये घरी, दाखवतो. तिला हँडल जरा बाहेर वळवून दिलेलं लागतं. आणि बोलायचं नाही देताना, ती बिथरते."

"येतो," कर्ट म्हणाला. तो उठून त्यांच्या टेबलाशी आला आणि उभाच राहिला, बसावं की नाही ते त्याला कळेना. मग त्याने ग्रीटला विचारलं, "पुढच्या रविवारी आर्डॉयला शर्यत आहे. किती वाजता निघायचं?"

ग्रीटने बापाकडे पाहिलं. अकरा वर्षं हे उत्तर त्यानेच दिलं होतं. ओमेर सूप पीत होता. त्याने मान वर केली नाही, मुद्दामच केली नाही, आणि सगळे तिच्या तोंडाकडे बघत थांबले होते.

"आठला," ग्रीट म्हणाली.